मागून आलेली ओ

शिलाईकाकू एकदा चालायला लागल्या की मागे वळून बघत नाहीत, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. चालतानाच कशाला, घरातही तेच. बाजाराच्या मागच्या गल्लीतली त्यांची एक खोली, त्यात खिडकीकडे तोंड करून मांडलेलं शिलाई मशीन आणि दाराकडे पाठ. गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहिलं की काकू पाठमोऱ्याच विचारायच्या, "काय, बाह्या का कंबर?" आणि पायाखालचं मशीन चालूच. कुणी म्हणालंच, "काकू, जरा बघा तरी कोण आलंय," तर म्हणायच्या, "तुमचं माप मला माहीत आहे, तोंड बघून काय करू?"

हिवाळा लागला की मात्र दर रविवारी सकाळी मशीनवर चादर पडायची. काकू जाड मोजे चढवायच्या, डोक्याला मफलर गुंडाळायच्या आणि चार हौशी माणसांना घेऊन गावाबाहेर जुन्या चुन्याच्या खाणीकडे निघायच्या. हे काही कुणी त्यांना नेमून दिलेलं काम नव्हतं. खाण बंद पडली तशी खाणीवरची वस्तीही उठली. काकू त्या वस्तीत जन्मलेल्या. आपण जन्मलो ती जागा नुसती गवतात जाते हे त्यांना बघवेना, म्हणून दिसेल त्याला हाताला धरून न्यायच्या आणि दाखवायच्या. बोलायला लागल्या की तोंडाचा पट्टा थांबायचा नाही.

आणि रांगेच्या अगदी शेवटी त्यांचे यजमान. खाणीच्या वजनकाट्यावर उभी हयात काढलेला, एका गुडघ्यानं अधू आणि स्वभावानं गोगलगाय असा माणूस. लोक त्यांना शेपूटराव म्हणायचे, समोरच म्हणायचे, आणि तेही खूश असायचे. "बायको तोंड आहे, मग मी शेपूटच होणार की," असं म्हणून स्वतःच हसायचे. पण शेपटाचं काम हलकं नव्हतं. मागे कुणी राहू नये हे बघायचं, आणि वाटेतलं फाटक लावायचं. पुढचा फाटक उघडतो, शेवटचा लावतो, असा तिथला नियमच होता. वस्तीच्या उरलेल्या उंबऱ्यांमधून गुरं चरायची आणि फाटकापलीकडे खाणीचा काठ होता, सरळ तुटलेला, खाली हिरवं पाणी. फाटक उघडं राहिलं की एखादं जनावर गेलंच म्हणून समजा.

धुकं असलं की काकू पुढून हाक द्यायच्या, "शेपूट?" आणि मागून ओ यायची, "आहे गं, चल." बस. ओ आली की काकू पुढे. वळून बघायची गरजच काय?

मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी शेपूटराव काकूंच्या पाठीमागच्या खुर्चीत बसल्या बसल्या गेले. काकू तेव्हा कुणाच्या तरी कोटाचं अस्तर लावत होत्या आणि पाठमोऱ्या बोलत होत्या. शेजारणीच्या सुनेपासून नळाच्या पाण्यापर्यंत सगळं बोलून झालं. मधूनमधून "हं" येत होतं. मग चहाचं विचारलं तर ओ नाही. पुन्हा विचारलं, तरी नाही. वळून बघितलं तेव्हा मान छातीवर पडलेली. डॉक्टर आले, हाताला हात लावला आणि म्हणाले, बराच वेळ झालाय. बराच वेळ म्हणजे किती, हे काकूंनी विचारलं नाही. पण तेव्हापासून त्यांच्या जिवाला एकच घोर लागला होता. ते शेवटचे "हं" कुणाचे होते?

दिवस जातात, म्हणतात ना, ते जातातच. हिवाळा आला. औषधाच्या दुकानातला मालक, ज्याला सगळे औषधवाला म्हणायचे, तो दारात येऊन उभा राहिला. "काकू, या रविवारी निघायचं ना?"

"आणि फाटक कोण लावणार? तू?"

तेव्हा आतून काकूंची नणंद म्हणाली, "मी लावते." शेपूटरावांची ही धाकटी बहीण, लग्न न केलेली, भाऊ गेल्यावर वहिनीला सोबत म्हणून येऊन राहिलेली. काकू जुन्या वळणानं तिला वन्सं म्हणायच्या आणि अहो-जाहो करायच्या, वर तिची थट्टाही करायच्या. वन्संचा आवाज घोगरा, अगदी भावासारखा. शेजारच्या खोलीतून त्या काही बोलल्या की काकूंच्या हातातली सुई थांबायची. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं.

रविवारी धुकं असं उतरलं होतं की हातभर लांबचं दिसेना. काकू, शाळेतल्या एक बाई, गावात नवीन आलेलं एक जोडपं, औषधवाला आणि शेवटी वन्सं, अशी रांग निघाली. गवत गारठून कडक झालेलं, पाय टाकला की करकर वाजायचं. खडकात बैलगाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या होत्या, तिथे काकू थांबल्या. "यात पाय घालून चाला. चुना वाहणाऱ्या गाड्यांनी हा दगड कापलाय. माझा बाप म्हणायचा, दगडाला कंटाळा आला, पण माणसाला येऊ दिला नाही." नवीन जोडपं हसलं. काकूही हसल्या. पहिल्यांदाच त्यांना जरा बरं वाटलं.

मग वस्ती. वस्ती म्हणजे आता नुसते उंबरे. भिंती लोकांनी दगडासाठी नेल्या, उंबरे तेवढे राहिले, ओळीनं, गवतात. "हा आमचा," काकू म्हणाल्या, आणि सवयीनं त्यावर पाय न देता ओलांडून पलीकडे गेल्या. बाईंनी विचारलं, "आत काय होतं?" "माणसं होती," काकू म्हणाल्या आणि फाटकाकडे वळल्या. त्यांनी फाटक उघडलं, लोकांना म्हणाल्या, "इथून पुढे डाव्या हाताला अजिबात सरकायचं नाही, डावीकडे खाण आहे," आणि काठाच्या वाटेला लागल्या.

काठावर धुकं जास्तच दाट होतं. खालचं पाणी दिसत नव्हतं, पण त्याचा गारवा वर येत होता. काकूंनी हाक दिली, "शेपूट?"

"आहे गं, चल."

काकूंचा पाय क्षणभर अडखळला. वन्संचा आवाज, दुसरं काय, असं त्यांनी मनाला सांगितलं. पण ते "गं" जरा लांबवलेलं होतं, गुडघा दुखत असताना माणूस लांबवतो तसं. त्यांच्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. इतकं बरं वाटलं की त्यांना वळायचंच नव्हतं. वळलं असतं तर वन्सं दिसल्या असत्या. त्या चालत राहिल्या. पुढे पुन्हा हाक दिली, गरज नसताना. पुन्हा तीच ओ आली.

भट्टीजवळ सगळे टेकले. गोल, काळीठिक्कर पडलेली चुन्याची भट्टी, तिच्या आडोशाला वारा लागत नाही. औषधवाल्यानं थर्मास उघडला आणि विचारलं, "तुमच्या वन्संना पण देऊ ना?" मग इकडे तिकडे बघून म्हणाला, "कुठे आहेत त्या?"

"शेवटी आहेत. आत्ता तर ओ दिली."

"मी शेवटून दुसरा होतो काकू. मला कुणाचीच ओ आली नाही."

"मग बोलला का नाहीस, मेल्या?"

"तुम्ही चालायला लागलात ना! मला वाटलं, तुम्हाला ऐकू आली असेल."

काकू ताडकन उठल्या. वस्ती ते भट्टी, मधे तो अख्खा काठ. "कुणी जागचं हलायचं नाही," एवढंच म्हणून त्या उलट्या निघाल्या. औषधवाला मागे येऊ लागला तर त्याच्यावर खेकसल्या, "तू इथे बस आणि या लोकांना सांभाळ!"

काठावरून परत जाताना काकू आयुष्यात पहिल्यांदा घाबरून चालल्या. दर चार पावलांनी काठाशी वाकून खाली बघायच्या. खाली पांढरं धुकं, बाकी काही नाही. हाक मारायचीच भीती वाटत होती. हाक मारली आणि ओ आली, तर ती कुणाची म्हणून धरायची? मघाशी एका ओ वर विसंबले आणि जिवंत माणूस मागे टाकून आले. माझा हा कान फुटला असता तर बरं झालं असतं, असं त्या स्वतःशीच पुटपुटत होत्या. भाऊ माझ्या पाठीमागे गेला. आता बहीणही माझ्या पाठीमागेच जायची आहे का?

धुक्यातून फाटक पुढ्यात आलं. उघडं होतं.

काकू खांबाला धरून उभ्या राहिल्या. आधी त्यांच्या जिवात जीव आला. वन्सं शिस्तीची बाई. त्या फाटकातून आल्या असत्या तर फाटक लागलेलं असतं. म्हणजे त्या काठावर आल्याच नाहीत, पलीकडेच आहेत. आणि मग लगेच दुसरी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. काठावर रांगेमागे कुणीच नव्हतं.

"वन्सं!"

"इथे आहे." आवाज अगदी जवळून आला. फाटकाच्या पलीकडच्या खांबाला टेकून वन्सं उभ्या होत्या, शाल घट्ट लपेटून, वस्तीकडे तोंड करून. धडधाकट.

काकू मग अशा भडकल्या की विचारू नका. "अहो, अक्कल गहाण टाकलीत का? तिकडे माझा जीव टांगणीला लागला आणि तुम्ही इथे खांबाला खांब लावून उभ्या? शेपूट व्हायची हौस कुणाला होती? एक फाटक लावून यायचं, तेवढंही जमलं नाही?"

"कसं लावू?" वन्सं वळल्या नाहीत. "तो मागे होता ना."

काकूंनी खांब सोडला आणि जवळ आल्या.

"चाकोऱ्यांपासून होता," वन्सं म्हणाल्या. "एक पाय टाकायचा, एक ओढायचा. करकर, सर्र. करकर, सर्र. मी थांबले की थांबायचा. आधी वाटलं, माझाच भास. फाटकाशी आले, हात कडीवर ठेवला आणि म्हटलं, माझ्या मागे कुणी असेल तर मी शेपूट कशी? शेवटच्यानं लावायचं असतं. मग वाट बघत थांबले. दादाला कधी घाई नसते, तुला माहीत आहे."

"आला?"

"नाही अजून."

"वन्सं, मला काठावर ओ आली. दोनदा."

आता वन्सं वळल्या. "माझ्यासमोरून तर कुणी गेलं नाही गं वहिनी," वन्सं हळूच म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा रडवेला झाला. "मग तू थांबायचं नाही का? बघायचं नाही का?"

"नाही बघितलं." काकू म्हणाल्या. "त्या दिवशीही नाही बघितलं. मी बडबडत बसले आणि ते एकटे गेले. आज म्हटलं, बघितलं नाही तर राहतील. बघितलं नाही तर मागे असतील तरी."

धुक्यात काहीतरी हललं, आणि दोघी एकदम तिकडे वळल्या. एक गाय होती. तिच्यामागे आणखी एक, मग एक वासरू. उघडं फाटक बघून सावकाश इकडेच येत होत्या. वासरू तर उड्या मारत पुढे आलं.

"फाटक लावायला हवं," काकू म्हणाल्या.

"थोडं थांब ना." वन्संनी फाटकाची वरची फळी दोन्ही हातांनी धरली. "तो पलीकडे राहील, वहिनी."

काकूंनी वासराला हातानं मागे लोटलं. मग फाटकाच्या मधोमध उभ्या राहिल्या, वस्तीकडे तोंड करून. उंबऱ्यांची ओळ थोडीशी दिसत होती, पुढे सगळं पांढरं. शेपूट म्हणून त्यांनी हाक मारली नाही. ती रांगेतली हाक. घरात मारायच्या तशी मारली.

"अहो!"

गाईनं कान हलवला. दूर कुठेतरी गवतावरून थेंब पडत होते. काकू ऐकत राहिल्या. वन्संही श्वास रोखून ऐकत होत्या. काकूंनी दुसऱ्यांदा हाक मारली, जरा मोठ्यानं, आणि या वेळी ती मारतानाच त्यांना रडू फुटलं. भरल्या डोळ्यांनी त्या तिथे बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. मशीन नाही, अस्तर नाही, हातात दुसरं काही काम नाही.

कुणाची ओ आली नाही.

वासरू पुन्हा पुढे आलं. काकूंनी डोळे पुसले, वन्संचे हात फळीवरून एकेक करून सोडवले आणि फाटक ओढायला लागल्या.

"हळू लाव गं," वन्सं म्हणाल्या. "आवाज नको व्हायला."

काकूंनी होईल तितकं हळू लावलं. पण कडी गंजलेली होती, आवाज झालाच.