सतरा नंबरचा भोंगा

कॉम्प्युटरवाल्यांच्या ऑफिसात विचित्र किस्से घडत नाहीत, असं माझ्या बायकोचं ठाम मत आहे. कुवेतमधल्या मिरकाबच्या आमच्या ऑफिसात तिला एक आठवडा बसवायला हवं होतं. तोझ, म्हणजे धुळीचं वादळ, येऊन गेल्यावर खिडकीच्या फटीत वाळू साचते, तसे तिथे किस्से साचायचे. कुणी आणून टाकत नाही, झाडू मारला तरी दुसऱ्या दिवशी आहेतच. बहुतेक हसण्यावारी नेण्यासारखे. बहुतेक म्हणतोय, सगळे नाही.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. दक्षिणेकडच्या एका प्लांटसाठी आम्ही प्रोग्राम लिहायचो. प्लांटमध्ये जागोजागी गॅस ओळखणारे डिटेक्टर. एखाद्याला गॅसचा वास आला की कंट्रोल रूममध्ये भोंगा वाजवायचा, हे आमच्या प्रोग्रामचं काम. टीम लीडर केळकर साहेब, नाशिकचे. मी पुण्याचा, म्हणजे मत विचारलं नाही तरी देणारा. आणि कुडाळचा सावंत.

*

सावंतचा किस्सा आधी. प्रोग्राममधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं गिट आम्ही तेव्हा नुकतंच वापरायला लागलो होतो. प्रत्येकाने आपलं काम वेगळ्या ब्रांचवर, म्हणजे प्रोग्रामच्या आपल्या प्रतीवर करायचं आणि झालं की मुख्य प्रोग्रामात मर्ज करायचं, म्हणजे मिसळायचं. प्रत्येक बदलाबरोबर काय केलं त्याची एक-दोन ओळींत नोंद. आम्ही लिहायचो, 'फिक्स्ड बग'. सावंत लिहायचा, 'केळकर साहेबांस सा. न. वि. वि., आज सतरा नंबरचा डिटेक्टर यादीत घेतला आहे. पंपाच्या शेडमध्ये उकाडा फार, म्हणून अमुक केले. कळावे.' तेही इंग्रजी अक्षरांत!

साहेबांनी बोलावून झापलं, की ही काय पत्रं लिहायची जागा आहे का.

सावंत म्हणाला, "वाचणार तर माणूसच ना, साहेब?"

पत्रं चालू राहिली.

*

त्या सतरा नंबराने आमच्या नाकीनऊ आणले. जुन्या प्रोग्रामच्या यादीत सोळाच डिटेक्टर. सतरावा पंपाच्या शेडमध्ये नवा बसवलेला आणि तो फक्त सावंतच्या ब्रांचला माहीत. ब्रांच मर्ज केली, प्लांटवर बसवली, आणि आठवड्यात तीनदा भोंगा वाजला. तीनदा माणसं ऐन जुलैत उन्हात जाऊन उभी राहिली. हातातलं मीटर घेऊन सेफ्टीवाला शेडमध्ये पोचेपर्यंत काही नाही. हवा स्वच्छ!

प्लांटचा मॅनेजर फोनवर जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. साहेबांनी त्याच दुपारी मर्ज रिव्हर्ट केला, म्हणजे सावंतने घातलेलं सगळं काढून टाकलं, प्लांटवर जुना प्रोग्राम परत बसवला आणि रिपोर्टमध्ये लिहिलं, 'प्रोग्रामरची चूक'.

सावंत भांडखोर नव्हता. पण त्या दिवशी तो साहेबांच्या टेबलासमोरून हलेना. डिटेक्टर खोटं बोलत नाही, गॅस थोडा येतो आणि उडून जातो, असं पुन्हा पुन्हा सांगत होता. त्याचा रूम पार्टनर परब त्याच शेडमध्ये फिटर होता. एकट्याला फ्लॅट खायला उठतो म्हणून सावंत इंजिनियर असूनही जलीबच्या कामगार वस्तीत परबच्या खोलीत राहायचा.

मीही साहेबांच्या बाजूने बोललो. उगाच लपवत नाही.

*

ऑगस्टमध्ये सावंत सुट्टीवर गावी गेला आणि तिथेच हार्ट अटॅकने गेला. बेचाळिसाव्या वर्षी. बातमी कळली तेव्हा ऑफिसात कुणी कुणाकडे बघेना.

महिनाअखेरीला हजेरीचा कागद निघाला. सावंत रोज हजर! सकाळी सात वीसला आत, चारला बाहेर, एकही दिवस चुकलेला नाही. माझी पाचावर धारण बसली. साहेबांनी कागद उलटा करून ठेवला.

शेवटी उलगडा झाला. आमचा मंदूब, म्हणजे सरकारी कागदपत्रांची कामं करणारा इजिप्तचा अबू सय्यद, रोज सगळ्यांत आधी यायचा आणि उशीर करणाऱ्यांवर उपकार म्हणून ड्रॉवरमधली सगळी कार्डं एका दमात मशीनला दाखवायचा, चारला निघताना पुन्हा तसंच. कोण आहे आणि कोण नाही हे बघणं त्याच्या कामात बसत नव्हतं, असं त्यानेच मोडक्या हिंदीत समजावलं. आम्ही पोट धरून हसलो. खरं सांगायचं तर सुटलो म्हणून हसलो.

*

मग ऑक्टोबरमध्ये सेफ्टीवाल्यांनी आठवडाभर शेडमध्येच मीटर ठेवलं, आणि गॅस सापडला. थोडा, मधून मधून, सावंत म्हणाला होता तसाच. पाइपाचा जोड बदलायला प्लांट बंद करावा लागणार होता, त्याला महिना होता. तोपर्यंत माणसं तिथेच काम करणार. साहेब धावत माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, सावंतची ब्रांच आजच्या आज मर्ज कर.

मी केली. मशीन म्हणालं, 'ऑलरेडी अप टू डेट'. सगळं आधीच आत आहे. मी आत पाहिलं. सतरा नंबर कुठेही नाही! पुन्हा केली. पुन्हा तेच.

मग पुस्तक काढलं तेव्हा समजलं, की रिव्हर्टने ओळी पुसल्या जातात, पण ही ब्रांच एकदा येऊन गेली आहे हे गिट विसरत नाही. ज्याला ते आलेला समजतं, त्याला पुन्हा दारात घेत नाही. रिव्हर्टचाच रिव्हर्ट करता आला असता, पण सावंतच्या पहिल्याच बदलात एक आकडा दुरुस्त करायचा होता. म्हणून आख्खी ब्रांच पहिल्यापासून नव्याने रचायची ठरली. तेच बदल, पण गिटला नवे वाटतील असे.

*

अकरा बदल होते. एकेक उचलायचा, नीट बसवायचा, पुढे जायचं. प्रत्येक वेळी स्क्रीनवर सावंतचं पत्र उघडायचं. गंमत अशी, की हे सगळं करताना मी फक्त मांडणारा. लेखक म्हणून नाव सावंतचंच राहतं. गेलेल्या माणसाच्या नावाने मी दुपारभर नवं काम तयार करत होतो, आणि सगळं त्याच्याच सहीने येत होतं.

साहेब मागे खुर्ची ओढून बसले होते. अकरावं पत्र उघडलं. 'केळकर साहेबांस सा. न. वि. वि., काम पुरे झाले. सतरा नंबरखाली माझा परब असतो, तेवढे लक्षात असू द्यावे. कळावे.'

ही नोंद पहिल्यांदा मर्ज करताना साहेबांसमोर होती. त्यांनी ती तेव्हा वाचली नव्हती. "मी नुसतं ओके दाबलं रे," असं म्हणाले आणि ते पत्र पहिल्यापासून पुन्हा वाचू लागले.

*

आता शेवटचा. प्लांटला बाहेरचं नेटवर्क नव्हतं. नवा प्रोग्राम सीडीवर न्यायचा आणि स्वतः बसवायचा. गेट पास सोमवारचा मिळाला. सकाळी साहेबांच्या गाडीने निघालो, सीडी माझ्या मांडीवर. वफ्राच्या फाट्याच्या अलीकडे माझा मोबाइल वाजला. परब होता. धापा टाकत होता.

"सायबानू, तुमचो भोंगो वाजलो म्हणान आमी भायर पळालव. मागसून जोड फुटलो. शेड भरान गॅस! पाचय जण वाचलव. सतरा नंबर परत बसवलात ता बरा केलात."

मी साहेबांकडे पाहिलं. स्पीकरवर त्यांनीही ऐकलं होतं. त्यांनी गाडी कडेला घेतली, मांडीवरची सीडी उचलून पाहिली, परत ठेवली आणि पुढे निघाले.

कंट्रोल रूममध्ये प्रिंटरचा कागद लोंबत होता. नऊ वाजून चार मिनिटं, डिटेक्टर सतरा, गॅस. ऑपरेटरला विचारलं, आमच्या आधी कुणी येऊन प्रोग्राम बदलला का? तो म्हणाला, जुलैनंतर या मशीनला कुणी हात लावलेला नाही.

मी प्रोग्राम उघडला. जुनाच होता. डिटेक्टरची यादी काढली. केळकर साहेबांनी स्क्रीनवर बोट ठेवून ती वरून खाली मोजली, मग खालून वर मोजली.

सोळाच होते.