कट्टी घ्यायला कुणीतरी

मे महिना मध्यावर आला की शाळेसमोरच्या घराचं लायलॅक फुलतं. कुंपणाला लागून दाट झुडूप आहे, माणसापेक्षा उंच, आणि जांभळ्या घोसांनी असं लगडतं की फांद्या फुटपाथवर वाकतात. वास कसला, ते नेमकं सांगता येत नाही. मोगऱ्याचा नाही, रातराणीचा तर नाहीच नाही. नुकत्याच न्हाऊ घातलेल्या लेकराच्या टाळूला जो वास येतो ना, त्याच्या आसपासचा काहीतरी. परवा भाजी घेऊन परतताना त्या झुडपाशी माझे पाय आपोआप थांबले आणि चार वर्षांपूर्वीची एक दुपार लख्ख आठवली. आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा, आठ वर्षांची थोरली आणि ढकलगाडीतली धाकटी, ह्याच कुंपणाशी उभे होतो, तीन वाजायची वाट बघत, अगदी चोरासारखे. शिकागोच्या ह्या उपनगरात घर घ्यायचं की नाही, ते त्या दुपारी ठरायचं होतं.

त्याआधी आम्ही ओहायोतल्या एका लहानशा गावात सहा वर्षं काढली. नवऱ्याची कंपनी तिथं होती म्हणून आम्ही तिथं होतो, एवढाच त्या गावाशी संबंध. पण माणसं भली, हो. शेजारच्या आजीबाई आमच्या दारातला बर्फ आम्ही उठायच्या आत ढकलून मोकळ्या व्हायच्या. शाळेतल्या बाईंनी माझ्या लेकीचं नाव चारचारदा विचारून नीट म्हणायला शिकून घेतलं. वाईट कुणीच वागलं नाही, हीच तर पंचाईत होती. कुणी वाकडं बोललं असतं तर मी पदर खोचून भांडले असते, त्यात मी कुणाला हार जाणारी नाही. वर्गात गव्हाळ रंगाची ती एकटीच. शाळेच्या फोटोत ती एका नजरेत सापडायची, आणि आता लाज वाटते सांगायला, पण मला त्याचं कौतुकच वाटायचं. बघा, कशी उठून दिसते माझी पोर!

घरात मराठी बोलायचं हा माझा दंडक. माझी आई अकोल्याच्या शाळेत मराठीची शिक्षिका होती, त्यामुळे व्याकरणाची खोड रक्तातच आहे. लेक शाळेतून आली की मी तिच्यापुढे दूध आणि चिवड्याची वाटी ठेवायची आणि दिवसभराची हकीकत ऐकायची. ती सांगायची, "आज रिसेसला ते किकबॉल खेळले. मग ते खूप हसले. फ्रायडेला ते स्लीपओव्हरला जाणार आहेत." मी मध्येच तोडायची, "ते नाही गं राणी, आम्ही. आम्ही खेळलो, आम्ही हसलो." इथल्या पोरांची सर्वनामं कच्ची राहतात, हे मी सगळ्या आयांकडून ऐकलं होतं. ते, आम्ही, आपण ह्यांचा गोंधळ ठरलेला. म्हणून मी नेटानं सुधारत राहिले. एक आठवडा नाही, चांगले दोनतीन महिने! एके दिवशी तिनं दुधाचा पेला खाली ठेवला आणि अगदी शांतपणे, मीच लहान असल्यासारखं मला समजावलं, "आई, आय नो आम्ही. पण मी नव्हते खेळत. ते खेळले. मी भिंतीपाशी होते."

चिवड्याची वाटी तशीच राहिली. पोरीचं व्याकरण बिनचूक होतं हो. चूक ऐकणाऱ्या बाईची होती, आणि ती बाई महिनोन्महिने लाल पेन घेऊन बसली होती. मी विचारलं, कुणी काही बोलतं का तुला, खेळायला नाही म्हणतं का? ती म्हणाली, "नो, दे आर नाइस." तो 'नाइस' मला अजून खुपतो. भांडण नाही, चिडवणं नाही, खेचाखेची नाही. पाहुण्याला जसं पाटावर बसवून ठेवतात तसं तिला दोन वर्षं सगळ्यांनी नीट बसवून ठेवलं होतं. त्या दिवशी मी ओट्याशी उभी राहून रडले आणि मनाशी ठरवलं की हे गाव सोडायचं.

सहा महिन्यांत नवऱ्याला शिकागोकडे नोकरी मिळाली आणि घरशोधणी सुरू झाली. नवरा इंजिनियर, त्यामुळे आधी एक्सेल शीट झाली. ऑफिसला किती मिनिटं, शाळेचं रेटिंग दहापैकी किती, तळघर कोरडं की ओल धरणारं. ओळखीतल्या सगळ्यांचा सल्ला एकच, "रेटिंग बघ यार, बाकी सगळं मॅनेज होतं." रेटिंग दहा असलेल्या एका उपनगरात गेलो तर तळं, हंस, एकसारखी घरं, आणि बागेत खेळणाऱ्या पोरांकडे बघून मला ती भिंत दिसायला लागली. दुसऱ्या एका ठिकाणी सगळे आपलेच. मंडळाचा गणपती, कोपऱ्यावर डोसा, लायब्ररीत मराठी पुस्तकांचं आख्खं कपाट. तिथं राहणाऱ्या एका काकूंनी प्रेमानं चहाला बोलावलं. मला तर वाटलं, झालं, सुटलो, इथंच राहावं. पण चहाचा घोट घशाखाली उतरायच्या आत काकूंनी विचारलं, "माहेरचं आडनाव काय गं तुझं?" आता हे आपल्याकडे कुणीही विचारतं, त्यात काकूंचा दोष तो काय. आडनाव कळलं की पुढचं काही विचारावं लागत नाही, एवढंच. मी आडनाव सांगितलं, काकूंच्या चेहऱ्यावर पसंती उमटली, आणि ती पसंती बघून मला का कोण जाणे, अवघडल्यासारखं झालं.

घरं दाखवणारी बाई पन्नाशीची होती, मायाळू, सदा पर्समध्ये लिमलेटच्या गोळ्या बाळगणारी. ह्या उपनगरात तिनं आम्हाला एक जुनं विटांचं घर दाखवलं आणि मी आपली सरळ, अकोल्यात विचारतात तशी विचारती झाले, "इथं कसे लोक राहतात?"  बाई म्हणाली, ह्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला कायद्यानं बंदी आहे. मला आधी रागच आला. म्हटलं, छप्पर गळतं का ते सांगशील, आणि माणसं कशी ते सांगायला काय झालं? मग तिनं गाडीत बसल्यावर समजावून सांगितलं. एके काळी ह्याच उत्तरावर वस्त्या वाटल्या गेल्या होत्या. अमक्या रंगाला इकडे पाठवायचं, तमक्याला तिकडे फिरकूही द्यायचं नाही. म्हणून आता घर दाखवणाऱ्याच्या तोंडाला कुलूप.  'वस्ती चांगली आहे ना?' हा प्रश्न माझ्या वडिलांनी प्रत्येक बदलीच्या गावी विचारलेला मी ऐकला आहे, आणि त्या 'चांगली'चा अर्थ आमच्या घरात लहान पोरालाही ठाऊक होता. माझ्याच लेकीसाठी चांगली वस्ती शोधताना मी तोच प्रश्न आयता उचलला होता. उतरताना बाईनं माझ्या हातावर गोळी ठेवली आणि म्हणाली, "तीन वाजता शाळेसमोर जाऊन उभ्या राहा. डोळ्यांना काही बंदी नाही."

म्हणून आम्ही त्या कुंपणाशी उभे. घंटा झाली, दारं उघडली, आणि बाई गं, काय सांगू! धरणाचे दरवाजे उघडावेत तशी पोरं बाहेर आली. केसांत रंगीत मणी ओवलेल्या वेण्यांची एक पोरगी धावत सुटली, ते मणी टिकटिक वाजत होते. तिच्यामागे लालभडक केसांचा, नाकावर ठिपकेच ठिपके असलेला एक मुलगा, तिची टोपी पळवून. एकीचा डोक्यावरचा रुमाल मागे घसरला होता आणि ती तो एका हातानं सावरत दुसऱ्या हातानं कुणाच्या तरी डब्यातलं काहीतरी खात होती. डोक्यावर पटका बांधलेला एक बुटका सरदारजी दोन मित्रांच्या मध्ये लोंबकळत चालला होता. कोण कुठला, कोण मिश्र, कोण कुणाचा, काही पत्ता लागतच नव्हता. आणि मला सगळ्यात थक्क कशानं केलं सांगू? ह्यातलं काहीही त्या पोरांच्या गावीही नव्हतं! मी इकडे आ वासून बघतेय, आणि ती आपली टोपीवरून भांडतायत. माणसांच्या एवढ्या तऱ्हा एका दारातून बाहेर पडताना मी जन्मात पाहिल्या नव्हत्या. देवळात गेल्यावर जसं काही न मागता नुसतं उभं राहावंसं वाटतं, तसं वाटलं. माझ्या मुठीतला लेकीचा हात आधी घट्ट होता, तो हळूहळू सैल झाला. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, इथे तुला मला शोधावं लागेल!" आणि हसली. एवढी हसली ती, जसं काही मी तिला कसली परवानगीच दिली होती.

रेटिंग सहा होतं. दहापैकी सहा! एक मैत्रीण फोनवर म्हणाली, "पोरीच्या करिअरशी खेळतेयस तू." नवरा तीन दिवस घुम्यासारखा वावरला, मग चौथ्या दिवशी त्यानं शीटमधला रेटिंगचा रकाना डिलीट केला आणि म्हणाला, चल. तरी घर घेतल्यावर माझा जीव काही थाऱ्यावर नव्हता. ही काही स्वर्गातली वस्ती नव्हे. बागेत पोरं एकत्र खेळतात आणि आया आपापल्या बाकांवर आपापल्या भाषेत बसतात; मीही त्यांतलीच एक. लेक पहिले काही महिने कमीच बोलायची. विचारलं तर म्हणे, "फाइन." मी सुधारणं केव्हाच सोडलं होतं, पण कान मात्र टवकारलेले. रोज संध्याकाळी मी कोशिंबिरीची काकडी चिरत चिरत सर्वनामाची वाट बघायची. इथंही ती भिंतीपाशीच असेल तर? मग आणखी कुठे जायचं?

मार्च उजाडला. एका सोमवारी लेक घरात आली ती दप्तर आपटतच. "आय हेट हर!" मागच्या गल्लीत राहणारी, केसांत मणी ओवणारी तीच ती पोरगी, तिच्यावरून हा संताप.  गॅस बंद केला, तिच्याशेजारी बसले आणि आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं, "काही बोलली का ती तुला? रंगावरून, नावावरून?" लेकीनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही आईला वेडच लागलंय. "व्हॉट? नो! आई, आम्ही दोघींनी मिळून व्होल्कॅनो बनवला, आणि तिनं टीचरला सांगितलं की आयडिया तिची होती! आमची होती ती! आम्ही सगळं एकत्र केलं होतं! शी इज अ चीटर!"

आम्ही. आम्ही दोघींनी. आमची. एका दमात तीनदा! मला इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि पोर आणखीच भडकली. मग मी तिला सांगितलं, असं असेल तर कट्टी घे तिच्याशी. "कट्टी म्हणजे?" करंगळी पुढे करायची, म्हटलं, आणि कट्टी म्हणायचं. मग बट्टी होईपर्यंत बोलायचं नाही. आम्ही लहानपणी घ्यायचो. कुणाशीही नाही हं घेता येत, आधी दोस्ती असावी लागते. तिनं आपली करंगळी उलटसुलट करून पाहिली, जरा विचार केला आणि विचारलं, "मग जुन्या शाळेत मी कुणाशी कट्टी होते?"

"कुणाशीच नाही गं."

"ओह," ती म्हणाली. मग उठली, करंगळी ताठ धरून, आणि दार लावून आपल्या खोलीत रागवायला गेली.

आता ती बारा वर्षांची आहे. माझं मराठी तिच्यात किती उरेल, ती पुढे कुठल्या गावी जाऊन कुणाला आपलं म्हणेल, ते मला ठाऊक नाही, आणि ते ठरवणं माझ्या हातातही राहिलेलं नाही. तो ज्वालामुखी, ते भांडण, त्या दोघींना काही म्हणजे काही आठवत नाही. परवा विचारलं तर एकमेकींकडे बघून खांदे उडवले. मला आठवतं. कट्टी सोमवार ते बुधवार टिकली, तीन दिवस. त्या तीन रात्री मला जशी गाढ झोप लागली, तशी ह्या देशात आल्यापासून कधी लागली नव्हती.