ऑपरेटरला न दिलेला पासवर्ड

"मॅडम, तुमची मशीन फेल है," गोंदियाच्या सेठजींनी मला फोनवरच झापलं. त्यांच्या राईस मिलमधून नागपूरच्या पॅकिंग कंपनीला गेलेला तांदूळ परत आला होता. काळे दाणे निघाले म्हणून. सरकारी धानाच्या भरडाईवर, म्हणजे धानाचा तांदूळ करून देण्यावर, ही मिल भराभर वाढली होती, पण चांगला भाव देणारं गिऱ्हाईक हे पहिलंच. दुसरा ट्रक परत आला की ऑर्डर रद्द.

मी त्यांच्या सॉर्टर मशीनची सर्व्हिस इंजिनिअर. सॉर्टर कॅमेऱ्याने एकेक दाणा बघतो आणि काळा दिसला की हवेच्या झोताने बाजूला उडवतो. धानाचा लॉट बदलला की सेटिंग बदलायचं. शिकायला एक दुपार पुरते.

मिलमध्ये जाऊन मशीन उघडली. लेन्स स्वच्छ, हवेचं प्रेशर बरोबर. सेटिंग मात्र जुन्या लॉटचं. ऑपरेटर देवचंदला विचारलं, "सेटिंग काऊन नाही बदललं?"

"काळे दाणे जाऊन राहिले, मले दिसत होतं मॅडम. पण सेटिंगचा पासवर्ड सेठजीपाशी. ते रायपूरला लग्नात. फोन उचलत नव्हते."

मला वाटलं, हा थापा मारतोय. सेठजींना विचारलं, तर ते शांतपणे म्हणाले, "सही बोलतोय. पूरा शिकला की बाजूवाला मिलवाला पळवून नेते. म्हणून मी कोणालेच शिकवत नाही."

मी हबकलेच. एवढी महागडी मशीन घ्यायची आणि ती चालवता येणारा माणूस मिलमध्ये तयारच होऊ द्यायचा नाही? माझं डोकं सणकलं.

"पगार वाढवून द्या ना त्याला. कशाला जाईल?"

"त्याले वाढवला की बाकीचे पण मागतील. आप चाय लो."

सेटिंग करून दिलं, देवचंदला शिकवा, पासवर्ड द्या म्हणून सांगितलं. पुढचा लॉट आला तेव्हा सेठजी पुन्हा बाहेरगावी होते, आणि पासवर्डही त्यांच्यापाशीच. दुसरा ट्रकही परत आला आणि ऑर्डर गेली. मिल आता नुसती भरडाई करते. सॉर्टरवर ताडपत्री आहे.

देवचंद गेलाच, तिरोड्याच्या मिलमध्ये. तिथल्या मालकाने त्याला पहिल्याच दिवशी पासवर्ड दिला. नागपूरचा ट्रक हल्ली तिथून भरतो.

झपाट्याने वाढणारे देश श्रीमंत व्हायच्या आत का अडकतात, यावर लोक मोठमोठी भाषणं देतात. मला विचाराल तर स्वस्त मजुरीवर इथवर येता येतं. पुढे शिकलेला माणूस लागतो, आणि तो स्वस्तात मिळत नाही.