रिकाम्या झोळीचा फोटो

माझ्या आठवणीत ऊस कधी हिरवा नसतो. त्या वर्षांत कॅमेऱ्यात कृष्णधवल रोल असे, आणि राहू गावच्या शिवारातला उभा ऊस त्यावर काजळाच्या भिंतीसारखा उतरे. त्या भिंतीसमोर काहीतरी पांढरं हवं, एवढ्याच ध्यासानं मी हिंडत होते. त्या हिवाळ्यात उसात बिबट्या असल्याचं वस्तीवस्तीवर बोललं जाई. माझं लक्ष उजेडाकडे होतं.

एका दुपारी, कांदा निघालेल्या रानात मेंढरं दिसली. खतासाठी मालकानं ती बसवून घेतली होती. उसालगतच्या बाभळीला झोळी, झोळीत तान्ही लेक, आणि थोड्या अंतरावर चुलीपाशी तिची आई. मेंढपाळ गावात गेलेला.

"रंग संपलं व्हय ताई तुमचं?" फोटो काळा-पांढरा येणार म्हटल्यावर ती हसली. "आमी तर आधीच काळं."

मी चौकट बांधू लागले. डावीकडे मेंढरं, उजवीकडे ऊस, दोहोंमध्ये झोळीचा बाक. वारा पडलेला, लोकरीचा उबट, तुपकट वास. काचेतून पाहताना आधी आवाज गेला. रवंथ थांबला होता. मग एकेक करत सगळे कान उसाकडे वळले. कुत्रं शेपूट पोटाशी घेऊन चुलीजवळ सरकलं. उसाचं पानही हललं नव्हतं.

ती धावली, झोळीतून लेक उचलून मागे आली. त्याच क्षणी माझ्या बोटानं कॅमेऱ्याचं बटण दाबलं गेलं.

बऱ्याच वेळानं मेंढरांची तोंडं पुन्हा हलू लागली.

"काय होतं?"

"काय न्हाई," ती म्हणाली. लेकीला मात्र तिनं खाली ठेवलं नाही. "म्हंजी, दिसलं न्हाई."

शिरूरच्या घरी, मोरीत अंधार करून मी फोटो धुतला. तोवर त्यांचा तळ केडगावकडे सरकला होता. तिथं नेऊन दिला. आधी ती एकेक मेंढी ओळखत खुदखुदली. मग नजर झोळीवर अडली. कापड धुरासारखं उमटलं होतं. झोळी रिकामी होती, आणि हलत होती.

"रिकामी झोळी हलू देऊ न्हाई ताई, लेकराला वंगाळ असतं. हात लावून थांबवायची. तवा घाईत ऱ्हायलं." तिनं फोटोतल्या झोळीवर अंगठा दाबून धरला. "आन् ह्यात तर ती थांबायचीच न्हाई."

पुढच्या खेपेला मी त्याच निगेटिव्हवरून नवा फोटो छापून दिला. उजवी बाजू वगळलेला. झोळी गेली, तिच्यासोबत ऊसही गेला. आता सगळी मेंढरं कागदाच्या कडेपलीकडे, जिथं काहीच नव्हतं तिथं, टक लावून होती.

"ह्यो बरा..." म्हणता म्हणता ती थांबली. त्यांच्या नजरेच्या रोखानं तिनं मान वळवली. त्या बाजूला, वाकळेच्या टोकाशी, लेक पाय झाडत पडली होती.

तिनं फोटो पालथा घातला आणि लेकीला मांडीवर ओढून घेतलं.