अव्वाच्या पोटातली गाळणी

त्या वर्षी आमच्या घरातल्या चहाच्या गाळण्या एकामागून एक नाहीशा झाल्या. चोर घरातलाच होता. माझे यजमान, सोलापुरातले सर्जन! ऑपरेशननंतर बरी होऊन घरी निघालेली यांची एक पेशंट खाटेवरून उठली आणि जागीच गेली. पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात शिरली होती. तेव्हापासून पोटातल्या मोठ्या शिरेत गाळणी बसवायची आणि गुठळी वाटेतच अडवायची, हे यांच्या मनानं घेतलं. परदेशात असं काही करतात म्हणे, पण ते इथं मिळणार कुठं?

मग रोज संध्याकाळी रबरी नळीतून पाणी सोडायचं आणि त्यात माझ्या आंबिलीतल्या ज्वारीच्या पिठाच्या गुठळ्या. "तुला गुठळ्यांशिवाय आंबील जमत नाही, हे बरंच झालं," म्हणायचे. चहाच्या गाळणीची सपाट जाळी एका गुठळीनं तुंबायची. शेवटी यांनी तारांचा शंकू केला. गुठळी टोकाशी जाऊन बसली, पाणी कडेनं वाहत राहिलं. त्या दिवशी किती हसलो होतो आम्ही!

आणि दुधनीहून सासूबाई आल्या, मांडीचं हाड मोडून. पाय सुजला, त्यात गुठळी. रक्त पातळ करायचं औषध दिलं तर पोटात रक्तस्राव झाला, ते बंद करावं लागलं. उरली गाळणी. ती अजून कुठल्याच माणसात घातलेली नव्हती.

"अव्वा, तुझ्यावर प्रयोग नाही करणार मी."

"मग दुसऱ्याच्या आईवर करशील व्हय?"

सासूबाईंनी गळ्यातल्या चांदीच्या डबीवर हात ठेवला. त्यात त्यांचं इष्टलिंग, लिंगायतांनी अंगावर बाळगायचा देव. जन्मात कधी उतरवलं नव्हतं. "एक बाहेर हाय, एक आत ऱ्हाईल. घाल की."

वरिष्ठ डॉक्टरांना शेजारी उभं करून यांनी ती गाळणी मानेच्या शिरेतून आत सोडली. मी बाहेर नुसती रडत होते.

सासूबाई काठी टेकत दुधनीला परतल्या आणि बरीच वर्षं माझ्या आंबिलीला नावं ठेवत जगल्या. आता त्याही नाहीत आणि हेही नाहीत. सासूबाईंचा तेव्हाचा एक्सरे मी अजून खिडकीशी धरून बघते. डबी त्यांनी एक्सरेच्या वेळीही काढू दिली नव्हती. वर तिची पांढरी सावली, खाली तारांचा इवलासा शंकू.

"ह्यातलं देवाचं कुटलं आन् तुजं कुटलं?" तो पहिल्यांदा बघताना त्यांनी यांना विचारलं होतं.

यांनी एक्सरे बाजूला ठेवून अव्वाच्या पायांवर डोकं टेकलं. डोळे भरून आले होते.