चार सेकंद आणि सुन्न बोटं

अमेरिकन फुटबॉलमध्ये ड्वेन हूक्स्ट्राचं काम मोजून पाऊण सेकंदाचं. ओणवं व्हायचं, दोन पायांमधून चेंडू मागे सात-आठ यार्डांवर गुडघा टेकून बसलेल्या गड्याच्या हातात फेकायचा, आणि समोरून येणारे दीडशे किलोचे दोन राक्षस मानेवर झेलायचे. मागचा गडी चेंडू उभा धरतो, तिसरा लाथ मारतो आणि नाव त्या तिसऱ्याचं होतं. ड्वेनचं नाव समालोचक घेणार ते चेंडू वाकडा गेला तरच. नऊ वर्षांत कुणी घेतलं नव्हतं.

आयोवातल्या डुकरं पाळणाऱ्या घरातला हा मुलगा. कॉलेज संपल्यावर चार संघांनी त्याला सराव शिबिरातूनच घरी धाडलं. पाचव्याने ठेवलं तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता आणि सासऱ्याच्या दुकानात ट्रॅक्टरचे सुटे भाग विकत होता.

दहाव्या हंगामात, डिसेंबरच्या सुरुवातीला, मानेवर एक दणका बसला आणि उजव्या हातात वीज चमकून गेली. संध्याकाळपर्यंत अंगठा आणि दोन बोटं सुन्न. त्याने कुणाजवळ ब्र काढला नाही. डॉक्टरला सांगितलं की दुसरा गडी येणार, आणि पस्तिशीतल्या माणसाला जागा परत कोण देतो?

तीन आठवडे त्याने कसेबसे निभावले. मग एका सकाळी मुलीच्या कोटाची बटणं लावता येईनात. बायकोने, लोरेटाने, त्याचा हात धरला.

"कधीपासून?"

"थंडीने होतंय गं."

"थंडीने दोन्ही हात गारठतात. मला शेंडी लावू नकोस. कोचला सांग, नाहीतर मी सांगते."

"रविवारचा सामना होऊ दे. मग सांगतो, शप्पथ."

रविवारपर्यंत थांबायचं तिने कबूल केलं. पण त्या आठवड्यात तिचं बोलणं जेवणापुरतंच उरलं.

रविवारी जिंकेल तो बाद फेरीत जाणार होता. चार सेकंद उरले, घड्याळ थांबवलेलं, संघ दोन गुणांनी मागे. लाथेने चेंडू खांबांमधून गेला की तीन गुण. ड्वेन मैदानाकडेला जाळीत चेंडू फेकून बघत होता. पहिला डावीकडे गेला, दुसरा जमिनीवर आपटला. बोटांना चेंडूची शिवण लागतच नव्हती.

"काय रे म्हाताऱ्या, मला घाबरवतोस काय?" लाथ मारणारा ऱ्हेट कॅलॉवे हसला. सहा वर्षांची जोडी होती त्यांची. मग त्याने ड्वेनचा चेहरा पाहिला आणि हसायचा थांबला.

ड्वेन तडक कोच डेलुकांकडे गेला. "कोच, हात सुन्न आहे. मला पाठवू नका."

"आत्ता? आत्ता सांगतोस?"

"तीन आठवडे झाले."

शिव्या द्यायलाही वेळ नव्हता. "टेट! तू जा!"

टेट बचावफळीतला. हे काम त्याने फक्त सरावात केलेलं. "मी? कोच, गुरुवारी दहातले तीन वाकडे..."

"जा म्हणतो ना!"

ड्वेनने त्याचं हेल्मेट दोन्ही हातांत धरलं. "घाई करू नकोस. मागच्याचे हात बघ. समोरच्यांना विसर."

टेटचा चेंडू जरा खाली आला. मागच्याने तो उचलून उभा केला, पण त्यात क्षणभर गेला. ऱ्हेटची लाथ बसली आणि चेंडू समोरच्या एका गड्याच्या उंचावलेल्या पंजावर आदळून खाली पडला. सामना गेला, बाद फेरीही गेली.

कपडे बदलायच्या खोलीत ऱ्हेट बूटही न काढता समोर येऊन उभा राहिला. "तीन आठवडे, ड्वेन. तेवढा सराव टेटला मिळाला असता."

"हो."

"हो? एवढंच?"

"दुसरं काय बोलू? खरंच आहे ते."

सोमवारी डॉक्टर म्हणाले, मानेतली चकती मज्जारज्जूवर दाबली गेलीय. अजून एक दणका बसता तर कदाचित पायही गेले असते. लोरेटाने तिथे सगळं शांतपणे ऐकलं आणि गाडीत बसल्यावर हमसून हमसून रडली. जानेवारीत शस्त्रक्रिया झाली, मार्चमध्ये संघाने नारळ दिला. ड्वेन आता गावातल्या बियाण्यांच्या सहकारी संस्थेत काम करतो.

दोन वर्षं ऱ्हेटने त्याचा फोन उचलला नाही. तिसऱ्या हिवाळ्यात त्यानेच केला. गुडघ्यांबद्दल बोलला, मुलांबद्दल बोलला. त्या सामन्याचं नाव दोघांनीही काढलं नाही.

"हात कसा आहे?"

"अंगठा आला. ती दोन बोटं नाही आली."

"येतो एकदा," ऱ्हेट म्हणाला.

आणि जूनमध्ये खरंच आला, बायकोमुलांसकट, चार दिवस राहिला.