मानाच्या यादीतली तेवीस नावं

आमच्या गल्लीतल्या कमलम्माची दानेश्वरी दूध संघात नेटवर्क सांभाळते. म्हणजे काय करते, हे कमलम्माला अजून धड सांगता येत नाही. "मशीन आजारी पडलं की ती वर्दी देती," एवढं म्हणते आणि पदर सावरते, जसं काही पोरगी कलेक्टरच झाली.

संघाची सात शीतकरण केंद्रं, अकलूजपासून अक्कलकोटपर्यंत. तिथल्या टाक्यांचं तापमान सोलापूरच्या ऑफिसात संगणकावर दिसतं. मशीन बंद पडलं की सॉफ्टवेअर मोबाइलवर अलर्ट धाडतं. पण कुणाला? व्यवस्थापक बापूसाहेबांनी लग्नपत्रिकेसारखी यादी केली होती! अकरा संचालक, तीन माजी अध्यक्ष, सात ऑपरेटर, स्वतः साहेब आणि एका संचालकांचे व्याही. नाव गाळलं तर रुसवा. कुठं दोन मिनिटं वीज गेली की तेवीस फोन वाजायचे. जो तो म्हणायचा, दुसरा बघेल. शेवटी सगळ्यांनी आवाजच बंद करून टाकले, आणि एका दुपारी टाकीभर दूध नासलं. तेवीस जणांना कळवून कुणालाच कळलं नाही.

दानेश्वरी तेव्हा कंत्राटावर होती. तिनं यादी पुसली. मशीन पाच मिनिटं गप्प राहिलं तरच अलर्ट, तोही त्याच केंद्राच्या ऑपरेटरला. त्यानं दहा मिनिटांत 'बघतो'चं बटण दाबलं नाही तर तिला. तिनंही नाही दाबलं, तरच साहेबांना.

संचालक खवळले. व्याही तर कुणाशी बोलेनात.

"मोठ्या माणसांची नावं काढलीस?" बापूसाहेब गरजले. "एक जरी अलर्ट चुकला तर तुझं कंत्राट तितंच संपलं बघ!"

"साहेब, मान द्यायचाय का दूध राखायचंय, ते ठरवा की. पटत नसंल तर न सांगता कुठल्याबी केंद्रावर जावा आन् वायर उपटा."

बापूसाहेब तसलेच. पुढच्या आठवड्यात भर दुपारी अक्कलकोट गाठलं. ऑपरेटर शिवलिंगप्पा मागच्या अंगाला जेवत होता. साहेब हळूच मशीनच्या खोलीत शिरले, टेबलाखाली वाकले, वायर उपटली आणि घड्याळ बघत तिथंच बसून राहिले. हे मला त्यांच्या ड्रायव्हरनं सांगितलं. मीठ-मिरची तेवढी माझी.

सहाव्या मिनिटाला शिवलिंगप्पा धावत आला, हातात अर्धी भाकरी. टेबलाखाली दोन पाय दिसले. "यारप्पा अदु?" कोण रे ते, असं कन्नडमध्ये ओरडून त्यानं ते पाय धरून ओढले.

"अरे मी! बापूसाहेब!"

"मग वायर सोडा की, साहेब! दूध तापंल!"

त्यानं वायर हिसकून जागेवर लावली आणि बटण दाबलं. बापूसाहेबांनी कपडे झटकत आपला फोन बघितला. कोरा. तिथूनच त्यांनी दानेश्वरीला फोन लावला.

"मला कसं काय न्हाय कळलं गं?"

"तुमच्यापर्यंत यायची गरजच पडली न्हाय, साहेब."

साहेबांनी जागेवर बसलेल्या वायरकडं एकदा बघितलं. मग म्हणाले, "सातही केंद्रांना हेच ठेव."

संचालकांच्या बैठकीत दानेश्वरीला कायम करायचा ठराव त्यांनी स्वतः मांडला, परीक्षेची हकिकतही अभिमानानं सांगितली. पायांचा भाग तेवढा गाळला. म्हणून तो मी लिहून ठेवला.